भुलीच्या डॉक्टरला सिकलसेल सांगितला का?

ऑपरेशन ठरले की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "कोणाकडे?" सर्जनचे नाव साऱ्या गावाला ठाऊक होते. कोणाचा हात हलका, कोण पैसे जास्त घेतो, कोणाकडे टाके लवकर सुकतात, याची चर्चा एस.टी.च्या थांब्यावरही चालते. पण दोन-तीन तास रुग्णाचा श्वास ज्याच्या हाती असतो, त्या भुलीच्या डॉक्टरचे नाव ऑपरेशन होऊन घरी आल्यावरही कोणाला सांगता येत नाही. तो येतो, तोंडावर कापड बांधलेले असते, चार प्रश्न विचारतो आणि निघून जातो. त्या चार प्रश्नांना आपण काय उत्तर देतो, यावर कधी कधी जीव अवलंबून असतो. आपल्या समाजाच्या बाबतीत तर फारच.

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात कामरगाव आहे. तिथे आमच्या नात्यातली एक मुलगी राहते. तिचे नाव इथे देत नाही. ही गोष्ट घडली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. लहानपणापासून तिचे हातपाय ठणकायचे. पावसात भिजली किंवा हिवाळ्यात पहाटे उठली की ठणका जास्त. शाळेत असताना रक्ततपासणी झाली, सिकलसेल निघाला आणि तसे कार्ड मिळाले. आईने ते कार्ड पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली ठेवून दिले. आजीने बजावले होते, "कोनाले सांगू नको व माय. पोरीची सोयरीक जुळनार नाही."

पुढे सोयरीक जुळली. साखरपुडाही झाला. आणि मग मुलीच्या उजव्या बरगडीखाली कळा सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसू लागले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. मोठ्या ऑपरेशनसाठी कामरगावच्या माणसाला अमरावती, अकोला नाही तर थेट नागपूर गाठावे लागते. गाडी ठरवली, पैसे गोळा केले, मुलीला भरती केले. सोबत होणाऱ्या सासरची आत्याही आली होती, मायेपोटीच.

संध्याकाळी भुलीच्या डॉक्टर आल्या. आधी काही आजार? कधी रक्त चढवले का? घरात कोणाला रक्ताचा आजार? आत्या खाटेच्या उशाशी उभी होती. आई म्हणाली, "काही नाही, बाई. पोरगी धडधाकट हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला स्ट्रेचरवर घेऊन ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत नेले. दारात पुन्हा तेच प्रश्न. नाव काय, कसले ऑपरेशन, औषधाची ॲलर्जी आहे का. आत्या आता खाली बाकावर होती. आईचे मन फिरले. तिने डॉक्टरांचा हात धरला आणि म्हणाली, "बाई, पोरीले सिकलसेल हाय. कार्ड घरी पेटीत हाय. कोनाले सांगू नका."

ऑपरेशन त्या दिवशी झाले नाही. मुलीला परत खाटेवर आणले. वडील संतापले. गाडीचे भाडे वाया गेले, चार लोकांत शोभा झाली, वर आता रक्ताच्या बाटल्या आणा! नातेवाईक म्हणाले, हे डॉक्टर लोक पैसे काढायला असेच करतात. मलाही तेव्हा तसेच वाटले होते, खोटे कशाला सांगू? मग मी त्या डॉक्टरबाईंना गाठून विचारले की, खडे काढायचे तर काढा, सिकलसेलचा त्याच्याशी काय संबंध? त्यांनी जे समजावले आणि नंतर मी जे वाचून काढले, ते वाचकांपुढे ठेवते.

सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा जन्मजात दोष आहे. निरोगी तांबडी पेशी वाटोळी, मऊ असते आणि सुमारे 120 दिवस जगते. सिकलच्या पेशीला प्राणवायू कमी पडला की ती विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. म्हणून तो ठणका. अशी पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कायम कमी. फुटलेल्या पेशींतून निघणारे पिवळे द्रव्य पित्तात साठते आणि त्याचे खडे बनतात. म्हणजे मुलीचे खडे हे सिकलसेलचेच पोर होते. पण दार अडवून बसलेल्या लोकांना ते कोण सांगणार!

आता भूल देताना काय होते ते पाहा. पूर्ण भूल दिली की माणूस स्वतःचा श्वास स्वतः सांभाळत नाही. घशात नळी घालून यंत्राने श्वास द्यावा लागतो. प्राणवायू मिनिटभर जरी घसरला, तरी निरोगी माणूस तो झटका सोसतो. सिकलच्या रुग्णात तेवढ्या वेळात पेशी वाकड्या व्हायला लागतात. थिएटरमध्ये एसीचा गारवा असतो आणि अंगावर एक पातळ कापड. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. आदल्या रात्रीपासून पोटात पाणी नाही, म्हणून रक्त घट्ट झालेले. हाता-पायाचे ऑपरेशन असेल तर रक्त थांबवायला वर पट्टा आवळतात, तिथले रक्त साचून राहते. ज्या ज्या गोष्टींनी सिकलचा ठणका उठतो, त्या सगळ्या ऑपरेशनच्या टेबलावर एकाच वेळी जमतात. डॉक्टरला आधी माहीत असेल तर प्रत्येकीवर इलाज आहे: प्राणवायू जास्त द्यायचा, सलाईन कोमट करून लावायचे, अंगावर गरम पांघरूण घालायचे, पट्ट्याचा विचार दोनदा करायचा. माहीतच नसेल तर?

आणि रक्त? ते किती चढवायचे, यावर तर जगात मोठा वाद होता. पूर्वी काही डॉक्टर म्हणत, रुग्णाचे बहुतेक सगळे रक्त बदलून टाका, सिकलचे हिमोग्लोबिन 30 टक्क्यांच्या खाली आणा आणि मगच भूल द्या. काही म्हणत, एवढे नको, हिमोग्लोबिन 10 पर्यंत नेले तरी पुरे. अमेरिकेत डॉक्टरांनी याची रीतसर परीक्षा घेतली. 551 रुग्ण, 604 ऑपरेशने. कोणाला कोणता उपचार, हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडले नाही, चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. निकाल 1995 साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतरचा गंभीर त्रास दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता. छातीचा गंभीर त्रास दोन्हीकडे 10 टक्के. पण रक्त चढवल्यामुळेच होणारे अपाय जास्त रक्त दिलेल्या गटात 14 टक्के, तर कमी दिलेल्या गटात 7 टक्के. साधा, स्वस्त उपाय महागड्या उपायाइतकाच चांगला ठरला, आणि अपायही निम्मा.

मग पुढचा प्रश्न आला. मुळात रक्त द्यायलाच हवे का? न दिले तर काय बिघडेल? इंग्लंड, नेदरलँड्स, कॅनडा या देशांतल्या डॉक्टरांनी मिळून हीही चाचणी घेतली. अर्ध्यांना ऑपरेशनआधी रक्त, अर्ध्यांना नाही. ही चाचणी 2011 साली मध्येच थांबवावी लागली, कारण देखरेख करणाऱ्यांना दिसले की रक्त न दिलेल्या रुग्णांना फार सोसावे लागत आहे. 2013 साली आकडे छापून आले. रक्त न दिलेल्या 33 जणांपैकी 13 जणांना काही ना काही त्रास झाला. रक्त दिलेल्या 34 जणांपैकी 5 जणांना. गंभीर त्रास पाहाल तर पहिल्या गटात 10 जणांना, दुसऱ्या गटात एकालाच. बहुतेक गंभीर त्रास छातीचाच होता. चाचणी लहान होती हे खरे, 67 माणसांवर सगळे जग चालत नाही. पण दहास एक हे अंतर डोळ्याआड करता येईल का?

आमच्या मुलीचे हिमोग्लोबिन 7 च्या आसपास होते. आत्याच्या भिडेने आई गप्प राहिली असती, तर मुलगी त्या 33 जणांच्या रांगेत जाऊन उभी राहिली असती.

इथे एक गोष्ट मनात सलते. या दोन्ही चाचण्यांतले रुग्ण बहुतांशी आफ्रिकी वंशाचे होते. आपल्याकडच्या सिकलची घडण थोडी निराळी आहे. भारतातल्या बऱ्याच रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते आणि त्याने थोडे संरक्षण मिळते. म्हणून आपला आजार सौम्य, असे पुस्तकात लिहून ठेवले गेले. पण नागपूरच्या डॉक्टरांनी मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा विदर्भातली कितीतरी मुले वारंवार दवाखान्यात भरती होताना दिसली. आपल्या भागात सिकलसेल आहे हे काही काल कळलेले नाही. डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात 1958 साली छापून आला. म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी. तेव्हापासून आपल्या माणसांचे रक्त कितीदा काढले गेले, किती नकाशे रंगवले गेले! रक्त काढणे झाले, आता त्या रक्ताच्या माणसाला सुरक्षित भूल कशी द्यावी याची मोठी चाचणी नागपूर, सेवाग्राम, अमरावती, अकोल्यात व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तशी चाचणी निघाली तर नीट माहिती घेऊन, संमतीचा कागद वाचून, आपण तीत सामील व्हायला हरकत नाही. नाव नोंदवले म्हणून कोणी बांधून ठेवत नाही, मध्येच बाहेर पडण्याचा हक्क प्रत्येकाला असतो.

माता-भगिनींनो, लपवालपवीचे मूळ लाजेत आहे आणि ही लाज बिनबुडाची आहे. हा आजार जातीचा कलंक नाही की मागच्या जन्मीचे पाप नाही. जिथे मलेरियाने पिढ्यान्पिढ्या माणसे मारली तिथे तो टिकला, कारण सिकलचा एक अंश बाळगणाऱ्याला मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळते. अँथनी ॲलिसन या डॉक्टरांनी 1954 सालीच हे दाखवून दिले. आफ्रिकेत तो आहे, अरबस्तानात आहे, ओडिशात आहे, आपल्याकडच्या आदिवासी बांधवांत आहे आणि इतर समाजांतही आहे. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलच्या रुग्णांसाठी आयुष्य वेचले, 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2016 च्या कायद्याने या आजाराला अपंगत्वाच्या यादीत जागा दिली. 1 जुलै 2023 पासून केंद्र सरकारची मोहीम सुरू आहे. सरकार उघडपणे नाव घेते आणि आपण मात्र पेटीत लपवतो!

अमरावतीत पुढे काय झाले ते सांगते. रक्ताचा तपशीलवार तपास झाला. नुसती नळीतली झटपट चाचणी पुरत नाही, कारण ती वाहक आणि रुग्ण दोघांतही सारखीच दिसते. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. ही तपासणी करावी लागते. पूर्वी कधी रक्त चढवले होते का, हे डॉक्टरबाईंनी तीनदा विचारले. वारंवार रक्त घेतलेल्याच्या अंगात परक्या रक्ताविरुद्ध द्रव्ये तयार होतात आणि मग जुळणारे रक्त शोधायला वेळ लागतो, म्हणून हा प्रश्न. सिकलच्या रुग्णाला सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळते, हेही आम्हाला तेव्हाच कळले. आपली तरुण मुले 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला रक्तदान करतात, ते रक्त कुठे जाते असे कोणी विचारले तर सांगा, अशा खाटेपाशी जाते.

पाच दिवसांनी ऑपरेशन ठरले. आदल्या रात्री आईने लेकीला पाण्याचा घोटही देऊ नये म्हणून तांब्या खाटेखाली सरकवला होता. डॉक्टरबाईंनी तो वर काढून दिला. त्यांचे म्हणणे, जेवण सहा तास आधी बंद, जड जेवण असेल तर आणखी आधी, पण साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. ही नवी टूम नव्हे. कॅनडात 1986 साली डॉक्टरांनी काही रुग्णांना ऑपरेशनच्या दोन-तीन तास आधी 150 मिलिलिटर पाणी पाजून पाहिले. त्यांच्या पोटात उपाशी राहिलेल्यांपेक्षा जास्त काही साठले नव्हते. पुढे अशा अभ्यासांवरूनच जगभरचे नियम बदलले. तरीही आपल्या दवाखान्यांत "रात्री बारानंतर काही नको" हा एकच मंत्र चालतो, आणि सकाळी आठचे ऑपरेशन दुपारी दोनला लागले तरी रुग्ण कोरडाच. सिकलच्या रुग्णाला हे परवडत नाही. मात्र एक ध्यानात ठेवा, पाणी किती आणि कधी, हे त्या रुग्णाच्या भुलीच्या डॉक्टरलाच विचारायचे. बाळंतिणीचे, मधुमेह्याचे, तातडीच्या ऑपरेशनचे हिशेब वेगळे असतात.

उबेचेही तसेच. व्हिएन्नात आतड्याच्या ऑपरेशनाचे 200 रुग्ण घेऊन एक चाचणी झाली, 1996 साली प्रसिद्ध झाली. ज्यांचे अंग ऑपरेशनभर उबदार ठेवले त्यांच्यापैकी 6 टक्क्यांच्या जखमेत पू झाला. ज्यांचे अंग गार पडू दिले त्यांच्यापैकी 19 टक्क्यांच्या. ते रुग्ण सिकलचे नव्हते, साधेच होते. घोंगडीसारखी साधी गोष्ट, पण औषधाच्या तोडीचे काम करून गेली.

ऑपरेशन सुखरूप झाले. सगळ्यांना वाटले, सुटलो. वडील दुसऱ्याच दिवशी घरी न्यायची घाई करू लागले, सोयाबीन उभे होते. पण सिकलच्या रुग्णाची खरी परीक्षा ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत असते. टाके दुखतात म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, तिथे प्राणवायू पोचत नाही आणि पेशी तिथेच वाकड्या होऊन अडकतात. ताप, छातीत कळ, धाप. हाच तो छातीचा गंभीर त्रास, ज्याची नोंद त्या दोन्ही चाचण्यांत होती.

यावर एक प्लॅस्टिकचे खेळणे मिळते. तीन खाने, तीन चेंडू, एक नळी. आपल्या लोकांना वाटते की नळीत फुंकायचे. वॉर्डात मी पाहिले, पाचांपैकी चार जण फुंकतच होते! फुंकायचे नसते, नळीतून हवा आत ओढायची असते, सावकाश, आणि चेंडू वर टेकवून धरायचे. 1995 साली अमेरिकेत छातीत-पाठीत ठणका घेऊन आलेल्या सिकलच्या रुग्णांवर याची चाचणी झाली. जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा हे चेंडू उचलायला लावले. चेंडू दिलेल्या 19 वेळांपैकी एकदाच फुप्फुसाचा बिघाड झाला. न दिलेल्या 19 वेळांपैकी 8 वेळा. आमच्या मुलीला तिसऱ्या दिवशी थोडा ताप आला, बरगडीत कळ आली. नर्सताईंनी दुखण्याचे औषध चुकू दिले नाही आणि आजीला खाटेजवळ बसवून सांगितले, दर दोन तासांनी पोरीकडून दहा वेळा करून घ्या. जिने कार्ड लपवायला लावले, तीच आजी बोटावर दहा मोजत बसली होती. सहाव्या दिवशी मुलगी घरी आली.

आता त्या थिएटरच्या दारात विचारलेल्या प्रश्नांकडे वळू. संध्याकाळी विचारून झालेले प्रश्न सकाळी पुन्हा कशाला? तर त्यामागे एक कागद आहे, आणि त्या कागदाचे धागे आपल्या शेजारच्या जिल्ह्यापर्यंत येतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावच्या एका शेतकरी कुटुंबातले आत्माराम गावंडे डॉक्टर झाले आणि अमेरिकेत गेले. उमरखेडच्या महाविद्यालयाला गोपिकाबाई सीताराम गावंडे यांचे नाव आहे, त्या त्यांच्या आई. आत्मारामांचे चिरंजीव डॉ. अतुल गावंडे अमेरिकेतच जन्मले, सर्जन झाले. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित शस्त्रक्रियेचे काम हाती घेतले तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडे दिली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठे यंत्र काढले नाही. एका पानावर 19 मुद्दे लिहिले. काही भूल देण्याआधी विचारायचे, काही पहिला छेद घेण्याआधी, काही रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी.

भूल देण्याआधी काय विचारायचे? रुग्णाचे नाव, ऑपरेशन कोणते, कोणत्या बाजूचे. भुलीचे यंत्र आणि औषधे तपासली का. बोटाला ऑक्सिमीटर लावला का आणि तो चालतो का. ॲलर्जी आहे का. श्वासनळी घालायला अवघड जाईल का. अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जाण्याची भीती आहे का. वाचताना वाटेल, यात काय विशेष? कोणीही विचारील. पण 2007-08 साली आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत हा कागद वापरून पाहिला. त्यांत दिल्लीचे सेंट स्टीफन्स होते, टांझानियातले इफाकारा होते, लंडन आणि टोरांटोही होते. कागदाआधीचे 3,733 रुग्ण आणि नंतरचे 3,955 रुग्ण यांची तुलना झाली. ऑपरेशननंतरचे मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले, मोठे त्रास 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर. जानेवारी 2009 मध्ये हा निकाल छापला गेला.

पण इथेही सावध राहावे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात 101 रुग्णालयांना हा कागद सक्तीचा केला, तर मृत्यूंच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही, असा निकाल 2014 साली आला. मला त्यात नवल वाटले नाही. सरकारी हजेरीपटाचे काय होते ते आपण पाहतोच. कागदावर खुणा करून टाकल्या आणि रुग्णाकडे मान वर करून पाहिलेच नाही, तर कागद बिचारा काय करील? आमच्या मुलीच्या वेळी दारात कोणीतरी खरोखर थांबले, आईच्या तोंडाकडे पाहिले, म्हणून आईला बोलता आले.

त्या कागदाच्या तळाशी एक वाक्य छापलेले असते. आपल्या भागाच्या गरजेप्रमाणे यात भर घाला, असा त्याचा आशय. मग विदर्भातल्या रुग्णालयांनी त्यात एक ओळ का घालू नये? "सिकलसेल : तपासला / नाही, वाहक / रुग्ण." शाई तेवढीच लागेल. आपल्या महिला मंडळांनी, विहार समित्यांनी जवळच्या रुग्णालयाच्या अधीक्षकांना भेटून ही मागणी करावी. यात मोर्चा काढण्यासारखे काही नाही, एक अर्ज पुरतो.

ऑक्सिमीटरबद्दलही दोन शब्द. कोरोनाच्या काळात आशाताईंनी बोटाला लावलेला चिमटा सगळ्यांना आठवत असेल. त्याचे मूळ तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1974 च्या सुमारास शोधले. भुलीत माणूस निळा पडायच्या आधीच प्राणवायूची घसरण या चिमट्याने कळते. पण तो गोऱ्या कातडीवर जितका बिनचूक, तितका काळ्या कातडीवर नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी 2020 साली तपासल्या, तेव्हा चिमट्याने न पकडलेली प्राणवायूची कमतरता काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळली. आपण सावळी माणसे. आकडा 92 वर रेंगाळत असेल आणि रुग्णाला धाप लागत असेल, तर "मशीन ठीक दाखवते" यावर समाधान मानू नका, डॉक्टरांना बोलवा. आणि ऑपरेशनला जाताना नखांचे पॉलिश काढून टाका, मेंदीची बोटे डॉक्टरांना दाखवा.

लोक मला विचारतात, पाठीच्या मणक्यातली भूल बरी की पूर्ण भूल? कंबरेचे इंजेक्शन घेतले की जन्मभर पाठ दुखते, अशी आपल्याकडे समजूत आहे. पडून खुबा मोडलेल्या 50 वर्षांवरील 1,600 माणसांवर अमेरिका व कॅनडात चाचणी झाली, 2021 साली निकाल आला. दोन महिन्यांनी मरण पावलेले किंवा काठी-वॉकर घेऊनही स्वतः चालू न शकणारे लोक मोजले, तर मणक्याच्या भुलीत 18.5 टक्के आणि पूर्ण भुलीत 18 टक्के. म्हणजे फरक नाहीच. तेव्हा कोणती भूल यावर हुज्जत घालण्यापेक्षा आपला आजार काय, हे सांगण्यात वेळ घालवावा.

ज्यांना सिकलचा एकच अंश आहे, म्हणजे जे वाहक आहेत, त्यांनी घाबरून ऑपरेशन टाळू नये. त्यांना बहुधा इतरांसारखीच भूल चालते. तरीही सांगावे. आणि लग्न ठरवताना दोघांचीही तपासणी करावी. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण जन्मण्याची शक्यता चारात एक असते.

कामरगावच्या त्या मुलीची सोयरीक मोडली. आत्याला कळायचे ते कळलेच. मुलाकडच्यांनी महिनाभर निरोप दिला नाही, मग साखरपुड्याचे कपडे परत पाठवले. शेजारणी हळहळल्या, काहींनी आईला दोषही दिला की तूच तोंड उघडलेस. आई एवढेच म्हणाली, "सोयरीक दुसरी पाहू. पोरगी दुसरी कोठून आनू?"

मुलगी बी.ए. पास झाली, आता कारंज्यात नोकरी करते. मागच्या दिवाळीत मी गेले तेव्हा दाराच्या चौकटीला खिळ्यावर एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली दिसली. सिकलचे कार्ड, रक्तगटाची चिठ्ठी, किती बाटल्या कधी चढवल्या त्याचा कागद, ऑपरेशनचा कागद, चालू गोळ्यांची नावे, सगळे त्यात. रात्री-बेरात्री न्यायची वेळ आली तर शेजाऱ्यालाही सापडली पाहिजे म्हणून दाराशी. पिशवी मळू नये म्हणून आजी ती दर रविवारी पुसते.